डाव्या हाताचं घर

ल्वो यिनह्वाच्या झाऱ्याचा फटका ज्याने एकदा बोटांवर खाल्ला, तो पुन्हा जन्मात दुसऱ्याच्या घरात काड्या घालत नसे.

घर म्हणजे कढईतलं घर. दोन हात रुंदीची काळी कढई, तिच्यात रेड्याची चरबी, सुक्या मिरच्या आणि तिरफळं यांचा लाल रस्सा रटरटतोय, आणि त्या रश्शात उभ्या-आडव्या पट्ट्यांची पितळेची एक चौकट बसवलेली. तिची नऊ घरं. मधलं घर सगळ्यांचं, कडेची आठ घरं आठ गिऱ्हाइकांची. एकमेकांची तोंडंही न पाहिलेले हमाल, नावाडी, मीठविके एकाच कढईभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसत. ज्याने त्याने आपल्या घरात आपलं मांस सोडायचं आणि आपणच काढायचं. रस्सा पट्ट्यांखालून आठही घरांत फिरे, पण जेवायच्या काड्यांनी पट्टी ओलांडायची नाही. रस्सा सगळ्यांचा, घास ज्याचा त्याचा. चोंगचिंगच्या ज्यालिंग नदीवरचा हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण त्याच्यापायी सांडलेलं रक्त दगडी पायऱ्यांच्या फटींत जागोजाग वाळलेलं होतं.

यिनह्वा त्या घाटावर आली ती अठराव्या वर्षी, लग्न होऊन. डोंगरातल्या गावची पोर, उतारावरच्या भातखाचरांत वाढलेली. नवरा पेंग दाशुन. खांदे बैलासारखे, राग फुसक्या तोफेसारखा, कधी उडेल त्याचा नेम नाही. घाटाच्या वरच्या अंगाला खाटीक पहाटे रेडे कापत. मांस शहराच्या वरच्या वस्तीत जाई, आणि जे शहर खात नसे ते खाली घाटावर येई: वजडी, आतडी, काळजाची जाड नळी, रक्त. दाशुन ते टोपल्यांतून आणी आणि यिनह्वा नदीच्या पाण्यात उभी राहून वजडी दगडावर आपटे. आपट, धू, पुन्हा आपट. पहिल्या वर्षी तिला उलट्या व्हायच्या. दुसऱ्या वर्षी ती आपटता आपटता गाणी म्हणायला लागली. तिसऱ्या वर्षी दाशुन मेला.

वसंतातली दुपार होती. वरच्या धारेहून आलेला एक नावाडी कढईवर जेवायला बसला होता. त्याने दाशुनच्या थोरल्या शपथभावाच्या, घाटाचा दादा असलेल्या गोंग थियेनबाओच्या घरातून गोठवलेल्या रक्ताची वडी उचलली. दाशुनने ते पाहिलं आणि हातातला मातीचा वाडगा नावाड्याच्या तोंडावर फोडला. दात पडले. नावेवरून त्याचे चौघे सोबती बांबूचे आकडे घेऊन पायऱ्या चढत आले. कुणाचा आकडा होता ते कळलं नाही, पण तो दाशुनच्या गळ्यात घुसला आणि ओढला गेला. यिनह्वा वजडीची टोपली घेऊन नदीतून वर येत होती. दाशुनचं रक्त एकेक पायरी उतरत तिच्या अनवाणी पायांपर्यंत आलं, तेव्हा ते अजून कोमट होतं.

आकडा मारणारा नाव सोडून पळाला. उरलेले तिघेही पळाले. तो वडी उचलणारा मात्र तोंड धरून तिथेच बसून राहिला होता, म्हणून तो सापडला. गोंगदादाने दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळा घाट बघत असताना, त्याला पोत्यात घातलं, बरोबर दगड घातले, आणि पोत्याचं तोंड स्वतःच्या हाताने बांधून नदीत लोटलं. यिनह्वा वरच्या पायरीवर उभी होती. पोतं बुडालं, बुडबुडे आले, बुडबुडे थांबले. तेव्हा तिने आदल्या दिवसापासून धरून ठेवलेला श्वास सोडला.

"वहिनी," गोंगदादा तिला म्हणाला, "कढई बंद करायची नाही. या घाटावर तुझ्या केसाला कुणी हात लावला तर त्याचंही पोतं शिवीन."

त्याने शब्द पाळला. बारा वर्षं पाळला. आणि यिनह्वाने कढई पाळली.

ती बदलली होती. नवऱ्याचा राग जणू वारशाने तिच्याकडे आला, पण तिच्याकडे तो फुसका राहिला नाही. तिने लोहाराकडून हातभर लांबीचा झारा करून घेतला. गिऱ्हाईक बसलं की ती आधी त्याला त्याचं घर दाखवी, मगच काय खाणार ते बोलायचं. घाटावर डावं-उजवं कुणी म्हणत नाही. कढईची एक बाजू पाण्याकडची, एक डोंगराकडची, एक वरच्या धारेची, एक खालच्या धारेची. "तुझं घर पाण्याकडच्या ओळीतलं मधलं," असं ती म्हणे, "आणि ही पट्टी म्हणजे देवाची रेघ. ओलांडलीस तर हात माझा."

एकदा सैन्यातून पळालेला एक शिपाई बसला. शेजाऱ्याच्या घरातली आतडी त्याने हसत हसत उचलली. झारा पडला आणि दोन बोटं जळणाच्या काटक्यांसारखी मोडली. शिपायाने संगीन काढली. यिनह्वाने झारा कढईत बुडवला आणि उकळती चरबी त्याच्या मांडीवर उडवली. तो इतक्या जोरात ओरडला की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागली. मग गोंगदादाच्या माणसांनी त्याला पायऱ्यांवरून खाली सोडलं. तो कुठल्या पायरीवर थांबला ते बघायला कुणी गेलं नाही.

"आमच्या वहिनीकडे जेवायचं तर पोट रिकामं हवं आणि बोटं मोजलेली हवीत," असं देंगकाका नव्या माणसांना सांगे. देंगकाका म्हणजे घाटावरचा सर्वात म्हातारा हमाल. त्याला एकच कान होता. दुसरा एका भांडणात कुणीतरी चावून तोडला होता. "आणि काय खायचं ते तिला विचारू नका. ती सांगते."

ते खरंच होतं. माणूस पायऱ्या उतरत असतानाच त्याची चाल बघून त्याला काय वाढायचं ते यिनह्वा ठरवी. ओझं वाहून आलेल्याला आधी वजडी. काड्यांत धरायची, मधल्या घरात बुडवायची, पकड सोडायची नाही, मनात पंधरापर्यंत मोजायचं, कडा वळल्या की तोंडात. सोळा झाले की जोड्याचं कातडं. मग काळजाची नळी, करकरीत. मग बदकाची आतडी. रक्ताच्या वड्या आपापल्या घरात तळाला पडू द्यायच्या, त्यांना घाई नाही. आणि ज्याच्या नशिबी असेल त्याला डुकराचा भेजा, कारण डुकराला भेजा एकच. तो कोपऱ्याच्या घरात, जिथे आच मंद, दोन घटका सोडून द्यायचा. भाजी शेवटी. भाजी आधी मागणाऱ्याला देंगकाका म्हणे, "आलास कशाला इथे? डोंगरात चर की."

मग लढाई आली. जपान्यांनी खालच्या धारेची शहरं जाळली आणि खालच्या पाण्याची माणसं नावा भरभरून वर आली. त्यांची बोली मऊ, जीभ गोड आणि पोट नाजूक. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी येई, आणि ते पाणी तिरफळांमुळे की घर आठवून, ते कळत नसे. उन्हाळ्यात धुकं विरलं की विमानं यायची. टेकडीवरच्या खांबावर लाल गोळा चढे. एक गोळा म्हणजे विमानं निघाली, दोन म्हणजे आली. एका गोळ्याला आमचा घाट उठत नसे. तोंडातला घास तसाच चावत माणसं मान वर करून बघत आणि पुन्हा खात.

अशाच एका सकाळी एक सडपातळ माणूस नावेतून उतरला. पाठीवर गाठोडं, अंगात लांब निळा झगा, कोपरावर विरलेला. उजव्या हाताच्या बोटांची टोकं काळी. तो कढईपाशी येऊन उभा राहिला आणि वास घेऊन दोनदा शिंकला.

"बसा की, झगेवाले," देंगकाका म्हणाला. "शिंका नंतर द्या, खाऊन."

माणूस बसला, डोंगराला पाठ करून. "मालकीणबाई, मी आजच आलोय. मला वर छापखान्यात जायचंय. इथे काय मागवतात ते मला ठाऊक नाही."

"किती दिवस जेवला नाहीस?" यिनह्वाने विचारलं.

"जेवतोय की."

"मी जेवणाचं विचारलं. तोंड हलवण्याचं नाही."

माणूस हसला. हसताना त्याचं तोंड रडण्याच्या वळणाला गेलं आणि तिथून परत आलं. "नऊ दिवस झाले. नावेत होतो. त्याआधी पायी."

"हात कशाने काळे?"

"खिळे जुळवतो. छापखान्यातले अक्षरांचे खिळे. हात धुतले तरी शाई जात नाही."

त्याचं नाव शेन वेइछिंग. बायको आणि लेक मागेच राहिली असं तो म्हणाला. कुठे राहिली ते यिनह्वाने विचारलं नाही. त्या वर्षी मागे राहिली म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं.

"वजडी अर्धी थाळी," ती म्हणाली, "रक्ताच्या दोन वड्या आणि आज भेजे दोनच आलेत. एक गोंगदादाचा आहे, एक तू घे. नऊ दिवसांच्या पोटाला भेजाच बरा, चावायला लागत नाही."

"माझं घर कुठलं?" त्याने कढईकडे बघत विचारलं. हे त्याला कुणीतरी नावेत सांगितलेलं होतं.

"डोंगराकडचा, वरच्या धारेचा कोपरा."

"वरची धार म्हणजे कुठली हो?"

बाकड्यावरचे सगळे हसले. देंगकाकाने तर मांडीवर थाप मारली. "नदीतून आला आणि नदी कुठे जाते ते ठाऊक नाही!"

यिनह्वाच्या एका हातात टोपली, दुसऱ्यात झारा. मागे दोघं जण वजडीसाठी ओरडत होते. तिने झाऱ्याच्या दांड्याने त्याचा डावा हात ठोकला. "हे बघ. तुझ्या डाव्या हाताचा कोपरा. तुझ्याजवळचा. कळलं?"

"कळलं." त्याने भेजा हळूच आपल्या घरात सोडला, मूल पाण्यात सोडावं तसा.

त्याच वेळी गोंगदादा आला. बारा वर्षांत तो जाड झाला होता, पण पायऱ्या उतरताना त्याचं पाऊल अजून दगडांना जाणवत असे. मागे त्याची दोन माणसं. तो आपल्या नेहमीच्या जागी, पाण्याला पाठ करून बसला. त्याचं घर पाण्याकडचा, खालच्या धारेचा कोपरा. तिथे त्याने आपला भेजा सोडला, दारू मागवली, आणि घोट घेतो न घेतो तोच टेकडीवर दुसरा गोळा चढला आणि भोंगा ओरडायला लागला.

दोन गोळ्यांना मात्र सगळे उठले. बाकडी उलटली, माणसं टेकडीत खोदलेल्या भुयाराकडे धावली. यिनह्वा गेली नाही. ती कधीच जात नसे. तिने कढईखालची जळती लाकडं ओढली, पाण्याचा हंडा ओतून विझवली आणि झारा छातीशी धरून खडकाच्या पोटाखाली बसली. विमानांचा आवाज आधी पायांना कळतो, मग कानांना. पहिला बाँब नदीत पडला, आणि पाण्याचा खांब उभा राहून कोसळला. दुसरा नावांवर पडला. नावा जिथे होत्या तिथे फक्त फळ्या उरल्या, आणि फळ्यांमधून माणसं ओरडत होती, मग ओरडत नव्हती. तिसरा वरच्या पायऱ्यांवर. दगडाचे तुकडे गोफणीतल्या गोट्यांसारखे येऊन आदळले. डोंगराकडच्या बाकड्याचे दोन तुकडे झाले. एक मीठविका भुयारापर्यंत पोचला नव्हता. तो पायऱ्यांवर पालथा पडला होता आणि त्याच्या फुटलेल्या पोत्यातलं मीठ लाल होत होतं.

भोंगा थांबला. माणसं परत आली. आमच्या घाटाची हीच रीत: मेलेला उचलायचा, तोंड धुवायचं, आणि कढई अजून आहे का ते बघायचं. कढई होती. देंगकाकाने आणि आणखी दोघांनी मीठविक्याला चटईत गुंडाळून कडेला ठेवलं. यिनह्वा गुडघ्यांवर बसून राखेत फुंकर घालत होती, लाकडं पुन्हा पेटवत होती. रश्शावरची धूळ आणि चिपा झाऱ्याने काढत होती. कोण कुठे बसलं ते तिने पाहिलं नाही.

शेन परत आला तेव्हा त्याचं बाकडं मोडलेलं होतं. गोंगदादा अजून वर, मेलेल्या हमालांपाशी होता. पाण्याकडची बाजू रिकामी होती. शेन तिथे बसला. त्याने आपला डावा हात बघितला, डाव्या हाताजवळचा कोपरा बघितला, तिथे भेजा होता. त्याने तो काड्यांनी उचलला, मोडला आणि खायला लागला. नऊ दिवसांची भूक आणि मरण चुकल्याची भूक, दोन्ही एकत्र. डोळे मिटून खात होता.

पाठीवर लाथ बसली तेव्हा तोंडातला घास कढईत पडला.

"माझ्या घरात," गोंगदादा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "वर माझी चार माणसं फाटून पडलीत. आणि हा माझ्या घरात बसून खातोय."

त्याच्या माणसांनी शेनला उचललं. एकाने नाकावर डोकं आपटलं. नाक फुटलं, रक्त झग्यावर आलं. दुसऱ्याने पोटात गुडघा घातला. खाल्लेलं सगळं दगडांवर पडलं. बाकड्यावरून कुणी उठलं नाही. कायदा सगळ्यांना ठाऊक होता, आणि आज सकाळी मेलेल्यांचा राग कुणावर तरी निघायचा होता. विमानं तर हाताला लागत नव्हती.

"उजवा," गोंगदादा म्हणाला. "ओंडक्यावर ठेवा." वजडी कापायच्या ओंडक्यावर त्यांनी शेनचा उजवा हात दाबला. शाईची काळी बोटं पसरली. "वहिनी, सत्तूर दे. तुझ्या घाटावर, तुझ्याच कायद्याने."

वजडी कापायला उचललेला सत्तूर यिनह्वाच्या हातात होताच. आयुष्यात पहिल्यांदा तिला तो जड वाटला असं म्हणता येणार नाही. तसं काही नव्हतं. चोर होता, पट्टी ओलांडली होती. ती दोन पावलं पुढे गेली.

शेन रडत नव्हता. त्याला समजतच नव्हतं. तोंडातून रक्ताच्या लाळेबरोबर तो एकच सांगत होता, "माझंच होतं ते. मालकीणबाई, माझंच. तुम्हीच दाखवलंत ना. डाव्या हाताचं घर."

यिनह्वा थांबली.

तिला ऐकू आलं ते शेनचं बोलणं नव्हतं. बारा वर्षांपूर्वीची दुपार तिच्या कानात उघडली. तो नावाडी. तो जेवायला बसला तेव्हा घर कुणी दाखवलं होतं? तिनेच. डोंगरातली पोर, तीन वर्षं झाली तरी घाटाची बोली जिभेवर बसली नव्हती. घाईत ती गावच्यासारखंच बोलून गेली होती: तुझ्या डाव्या हाताचं. त्याच्या नावेचा दोर सुटला म्हणून तो अर्ध्या जेवणावरून उठून खाली गेला होता. परत आला तो समोरच्या बाजूला बसला. आणि तोंडावर वाडगा फुटल्यावर, दात पडलेल्या तोंडाने, तो तिच्याकडे बघून म्हणत होता: वहिनी, माझंच आहे, तुम्हीच दाखवलंत. पोत्यात घालतानाही तो तेच म्हणत होता. तिला वाटलं होतं, चोर मरतानाही खोटंच बोलतो. नाही, तिला तसं वाटलं नव्हतं. तिने तसं वाटून घेतलं होतं.

"वहिनी," गोंगदादा म्हणाला, "सत्तूर."

"नाही."

"काय?"

"देत नाही."

त्याच्या माणसाने तो तिच्या हातातून हिसकावला. ओंडक्यापाशी गेला, नेम धरायला सत्तूर वर नेला. यिनह्वाने इकडेतिकडे पाहिलं. झारा चुलीपलीकडे पडला होता. तिने दोन्ही हात कढईत घातले. उकळत्या चरबीत, मनगटांपर्यंत. पितळेची चौकट धरली, उपसून वर काढली आणि सगळ्या अंगाच्या जोराने त्या माणसावर फेकली.

चौकट त्याच्या मानेवर आणि गालावर बसली. लाल रस्सा त्याच्या डोळ्यांत गेला. सत्तूर पडला, तो स्वतः पडला, आणि दोन्ही हातांनी तोंड धरून मासा तडफडावा तसा पायऱ्यांवर तडफडायला लागला. शेनला धरणाऱ्या दुसऱ्याने हात सोडला. यिनह्वाच्या हातांची कातडी हातमोज्यासारखी सुटून लोंबत होती. ती ओरडली नाही. ओरडायला तिला अजून वेळ नव्हता.

"तो नावाडी चोर नव्हता," ती म्हणाली. "ऐक, गोंगदादा. मी त्याला डाव्या हाताचं म्हणून घर दाखवलं होतं. तो उठला, परत आला, समोर बसला. तिथून त्याचा डावा म्हणजे तुझा कोपरा. यालाही आज मीच तसंच दाखवलं. चूक माझी. तेव्हाचीही माझी."

देंगकाका उठून उभा राहिला होता. पायऱ्यांवर तो भाजलेला माणूस अजून कण्हत होता.

"पोत्याचं तोंड मी बांधलं होतं," गोंगदादा म्हणाला. "माझ्या हाताने. आत तो लाथा मारत होता. तुझ्यासाठी बांधलं होतं."

"ठाऊक आहे."

"आणि तू आज सांगतेस."

त्याने तिच्या कानशिलात लगावली. ती पडली, भाजलेले हात दगडावर टेकले, आणि तेव्हा ती ओरडली. गोंगदादाने तिच्यावर दुसरा हात उचलला नाही. तो कढईकडे वळला. लाथ मारली. पहिल्या लाथेला कढई डुलली. दुसऱ्या लाथेला ती चुलीवरून उलटली, आणि बारा वर्षं रोज गाळून रोज परत ओतलेला, दाशुनच्या वेळचा रस्सा पायऱ्यांवरून नदीकडे धावला. माणसं किंचाळत बाजूला झाली. एकाचा पाय भाजला. लाल चरबी पायरी पायरी उतरत पाण्यापर्यंत गेली आणि पाण्यावर तवंग होऊन खालच्या धारेला लागली.

"आजपासून हा घाट तुझा नाही," गोंगदादा म्हणाला. "आणि मी तुझा कुणी नाही." त्याने आपल्या भाजलेल्या माणसाला खांद्यावर घेतलं आणि तो वर चढून गेला. मागे वळून पाहिलं नाही.

शेनने आपला झगा फाडला. काळ्या बोटांनी तो तिच्या हातांभोवती पट्ट्या गुंडाळायला लागला.

"हळू रे मेल्या," ती म्हणाली. "खिळे नाहीत ते."

"दुखतंय?"

"नाही, गुदगुल्या होताहेत. जा आता. वर चढ, छापखाना शोध. तो परत आला तर मला हात उरलेले नाहीत."

तो गेला. दहा पायऱ्या चढून थांबला, काहीतरी बोलायला वळला. तिने मानेनेच त्याला हाकललं.

देंगकाकाने तिला आपल्या खोपटात नेलं. आठ दिवस ती तापात होती. नवव्या दिवशी, हात अजून फडक्यांत, ती वरच्या धारेच्या नावा लागतात त्या धक्क्यावर गेली. देंगकाका बरोबर येतो म्हणाला. ती नको म्हणाली. तिने नावेनावेवर विचारलं. बारा वर्षांपूर्वी पलीकडच्या घाटावर पोत्यात घालून बुडवला तो नावाडी, त्याचं माणूस कुणी आहे का? कुणी मान हलवली, कुणी थुंकलं. एका म्हाताऱ्या नावाड्याने बोट दाखवलं. शेवटच्या नावेवर एक बाई फटींत डांबर भरत बसली होती.

"कोण तू?" बाई म्हणाली.

"ल्वो यिनह्वा. त्या घाटावर कढई होती माझी."

बाईच्या हातातली डांबराची काडी थांबली. मग तिने ती शांतपणे ठेवली, नाव ढकलायचा बांबू उचलला आणि यिनह्वाच्या खांद्यावर घातला. मग पाठीवर. मग बरगड्यांवर. हाड वाजल्याचा आवाज आला. शेजारच्या नावांवरची माणसं उभी राहिली, पण कुणी मध्ये पडलं नाही. यिनह्वा गुडघ्यांवर गेली. फडक्यांतले हात तिने पोटाशी धरले होते, ते वर उचलले नाहीत.

बाई दमली. बांबू टेकून उभी राहिली, छाती वरखाली होत होती.

"न्ये छुनशान," ती म्हणाली. "नाव होतं त्याला."

"न्ये छुनशान," यिनह्वा म्हणाली. तोंडात रक्त आलं होतं, तरी तिने नाव नीट उच्चारलं. "तो चोर नव्हता. घर मी चुकीचं दाखवलं. एवढं सांगायला आले."

"ते मला तू सांगायला हवं?" बाईने तोंडावरचा घाम पुसला. मग विचारलं, "काय मागवलं होतं त्याने? त्या दिवशी."

यिनह्वाला आठवावं लागलं नाही. कढईवरच्या कुठल्याही माणसाचं जेवण ती कधी विसरली नव्हती.

"अर्धी थाळी वजडी. रक्ताच्या चार वड्या. नळी महाग वाटली म्हणून परत केली. आणि निघताना बांधून द्या म्हणाला होता, थोडी आतडी. घरी न्यायची म्हणून."

बाईने बांबू खाली ठेवला. "आणि खाल्लं किती?"

"वजडी सगळी," यिनह्वा म्हणाली. "रक्ताची एकच वडी."